उसन्या पापण्या : कनातीमागच्या तमाशाची एक नोंद

मंचरला आमचा फोटो स्टुडिओ होता. वडिलांनी तो सुरू केला, मी पंचवीस वर्षे चालवला आणि हातोहाती मोबाइल आल्यावर मीच त्याचे शटर खाली ओढले. दुकान गेले, पण निगेटिव्हचे खोके घरी आले. त्यांत लग्ने, बारशी, शाळांचे गट असे सगळे आहे, आणि एक खोका फक्त तमाशाचा आहे. चैत्रात नारायणगावला राहुट्या पडल्या की वडील कॅमेरा घेऊन जात. फडमालकांना पोस्टरसाठी आणि यात्रा कमिट्यांना दाखवायच्या अल्बमसाठी फोटो लागत. पुढे ते काम माझ्याकडे आले. शिक्षण बारावीपर्यंतच झाले. तमाशावर जे वाचले, लिहिले ते या खोक्याच्या ओढीने.

जुन्नर आणि आंबेगाव या शेजारी तालुक्यांत तमाशाची ओळख करून द्यावी लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी एवढे सांगतो, की पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावला 'तमाशापंढरी' म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास ढोलकी फडांच्या राहुट्या तिथे रांगेने उभ्या राहतात. गावोगावचे कारभारी येतात, राहुटीत बैठक होते, यात्रेची रात्र ठरते, रक्कम ठरते, सुपारी फुटते. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड इथलाच. त्या घराण्यातल्या विठाबाईंना 1957 आणि 1990 असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. 15 जानेवारी 2002 रोजी त्या गेल्या.

माझ्या खोक्यातल्या बहुतेक फोटोंवर तारीख नाही. वडिलांची सवय पाकिटावर फडाचे नाव लिहिण्याची होती, सालाची नव्हती. म्हणून मी फोटोंची सालवारी लावायला खुणा शोधू लागलो. लुगड्याचा काठ, कमरपट्टा, मागच्या पडद्यावरची अक्षरे, माइकचा आकार. यातली सगळ्यांत उपयोगी खूण मला फार उशिरा सापडली. ती म्हणजे डोळे. काही फोटोंत पापण्या जेमतेम दिसतात, नुसते भरगच्च काजळ. काहींत वरच्या पापणीची काळी कमान इतकी ठळक आहे, की फ्लॅशमध्ये तिची सावली भुवईखाली पडली आहे. या दुसऱ्या पापण्या उसन्या आहेत. लावलेल्या.

आपल्या भाषेत उसन्या केसांना जुना शब्द आहे, गंगावन. उसन्या पापण्यांना तसा शब्द नाही. राहुटीत त्यांना नुसते 'पापण्या' म्हणतात. स्वतःच्या पापण्यांना 'केस'. 'पापण्या लावल्या का गं?' एवढे विचारले की काय ते कळते. त्या पापण्यांचा इतिहास लिहावा असे मनात आले, त्याला कारण माझ्याच हातून झालेली एक चूक आहे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत मी आमच्या खोक्यातल्या एका कलावंतिणीविषयी लेख लिहिला होता. त्यांचे नाव इथे देत नाही. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचे आमच्याकडे अकरा फोटो आहेत. पहिल्या चारांत त्या कॅमेऱ्याकडे सरळ पाहतात. उरलेल्या सातांत चेहरा डावीकडे वळलेला, उजवा डोळाच काय तो दिसतो, पदराचा काठ डाव्या गालावर. मी लिहिले होते, की ही अर्धमुखी अदा ही त्यांची खास शैली, आणि वर दोन परिच्छेद त्या अदेच्या नजाकतीवर खर्ची घातले होते. लेखाचे कौतुक झाले.

दोन वर्षांपूर्वी ऐन आषाढात मी आणि माझी पत्नी जुन्नर तालुक्यातल्या त्यांच्या घरी गेलो. मला वगांची नावे विचारायची होती. अक्कांनी ती सांगितली. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमचा लेख नातीनं वाचून दाखवला व्हता. ग्वाड लिहिलंय. पर ती अदा न्हवती. डोळ्यात फूल हाय माझ्या."

त्यांनी डावा डोळा उजेडाकडे केला. बुबुळावर पांढरट डाग होता. तीस वर्षे मी त्यांचे फोटो हाताळत होतो आणि मला तो दिसला नव्हता, कारण तो दिसू नये याची काळजी त्यांनी प्रत्येक फोटोत घेतली होती.

त्या दिवशी त्यांनी रंगाची पेटी काढली. पत्र्याची, वर कमळ रंगवलेली. पत्नीला जवळ बसवून एकेक वस्तू हातात दिली. मी समोर बसून लिहून घेतले. राहुटीत मी शेकडो वेळा गेलो होतो, पण बायांच्या रंगपटाची कनात ओलांडून कधी गेलो नव्हतो. पुरुषाने जायचेही नसते. माझे सगळे संशोधन म्हणजे कनातीच्या अलीकडून पाहिलेला तमाशा होता, हे मला पेटी उघडल्यावर उमगले.

पापण्या तमाशात आल्या कशा, याचे उत्तर आधी उजेडात शोधावे लागते. पेशवाईतल्या आणि त्यानंतरच्या तमाशाला दिवटी आणि मशाल होती. हा उजेड तांबूस, हलता, जवळचा. प्रेक्षक पाच-दहा हातांवर बसलेला. त्या काळी स्त्रीची भूमिका नाच्या पोऱ्या करी आणि त्याच्या डोळ्याला काजळ पुरे होई. पठ्ठे बापूराव (1866-1945) यांच्या फडात पवळाबाई उभ्या राहिल्या आणि बाईचा चेहरा बोर्डावर आला, तेव्हाही उजेड जवळचाच होता. 1910 मध्ये जर्मनीत पेट्रोमॅक्सची बत्ती निघाली. अशा बत्त्या पुढे आपल्या जत्रांतही लटकू लागल्या. त्यांचा उजेड पांढरा, वरून पडणारा. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि खेडोपाडी वीज पोचू लागली. मोठ्या फडांनी पुढे स्वतःची जनित्रेच बाळगली. तंबू वाढले. कुठे शेताच्या वावरात खेळ लागले. समोर हजारोंचा जमाव, शेवटची रांग शंभर-दीडशे फुटांवर.

फोटोग्राफरला यातली अडचण लगेच समजते. समोरून झगझगीत सपाट प्रकाश पडला की चेहऱ्यावरचे उंचसखल पुसले जाते. गाल, नाक, कपाळ एक होतात आणि डोळे आत बुडतात. काजळाची बारीक रेघ वीस हातांपलीकडे दिसेनाशी होते. लावणीतली तर अर्धी भाषा डोळ्यांची. डोळा दिसला नाही तर शेवटच्या रांगेतल्या माणसाला नुसते पाय आणि ढोलकी उरते. लावलेली पापणी डोळ्यावर काळे तोरण बांधते. डोळा मिटला-उघडला तर ते तोरण खाली-वर होताना लांबूनही कळते. हौसेचा भाग असेलही, पण ही मुळात अंतराची आणि उजेडाची गरज होती.

दुसरे कारण सिनेमाचे. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' 1959 मध्ये आला, व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' 1972 मध्ये. तमाशातली बाई पडद्यावर मोठी होऊन दिसली आणि मग प्रेक्षकाला बोर्डावरची बाई पडद्यावरच्यासारखी हवी झाली. साठच्या दशकात हिंदी पडद्यावरही जाड पापण्या आणि कानाकडे ओढलेली काजळरेघ यांचे राज्य होते. अक्का म्हणतात, "पब्लिक सिनेमा बघून येतं आन् आमच्या तोंडाकडं बघतं. आमी काय करावं?"

सिनेमातही पापण्या अशाच कामापुरत्या आल्या. कृत्रिम पापण्यांचे अमेरिकन पेटंट 1911 मध्ये ॲना टेलर यांनी घेतले. 1916 च्या 'इन्टॉलरन्स' या मूकपटात डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांना सीना ओवेन या नटीचे डोळे माणसाच्या डोळ्यांहून मोठे दिसायला हवे होते. टोप करणाऱ्या कारागिराने बारीक जाळीत माणसाचे केस गुंफले आणि स्पिरिट गमने ते तिच्या पापण्यांवर चिकटवले. सहकलाकार लिलियन गिश यांनी सांगितले आहे, की एक दिवस ती नटी सुजलेल्या डोळ्यांनी कामावर आली. म्हणजे उसनी पापणी आणि सुजलेला डोळा यांची गाठ अगदी पहिल्यापासूनची.

अक्कांची पहिली जोडी विकतची नव्हती. त्यांच्या मावशीने जुन्या गंगावनाचे केस घेऊन, दोऱ्याचे एक टोक पायाच्या अंगठ्याला आणि दुसरे दातात धरून, दोन-दोन केसांच्या गाठी मारत ती विणली होती. ग्रिफिथचा कारागीर आणि ही मावशी यांनी एकमेकांचे नाव ऐकले असण्याची शक्यता नाही, पण अडचण एक असली की हात एकाच वाटेने जातात. नंतर पुण्याला तुळशीबागेतून विकतच्या जोड्या येऊ लागल्या. फडातून कोणी पुण्याला निघाले की चार-पाच जणींच्या जोड्या एकदम मागवल्या जात.

आता त्यांनी पत्नीला दाखवलेली रीत सांगतो. माझ्या समजुतीप्रमाणे ती छापली गेलेली नाही, आणि आज मंचर-नारायणगावच्या लग्नघरांत नवऱ्या मुलीही पापण्या लावतात, त्यांच्याही उपयोगी पडेल.

आधी हात साबणाने धुवायचे. पापणीच्या कडेला तेलाचा अंशही नको. तेल असले की गम धरत नाही. आरसा तोंडासमोर न धरता खाली मांडीवर ठेवायचा, म्हणजे नजर खाली राहते, डोळा अर्धा मिटतो आणि पापणीची कड मोकळी दिसते. नवी जोडी डोळ्यावर टेकवून मापायची. पट्टी लांब असेल तर कानाकडच्या टोकाने कातरायची. नाकाकडचे आखूड केस तसेच ठेवायचे. नाकाकडचे टोक डोळ्याच्या कोपऱ्यात घुसले की रात्रभर टोचत राहते. पट्टी बोटांत धरून दोन-चारदा वाकवायची, म्हणजे डोळ्याची गोलाई घेते. मग काडीने पट्टीवर गमाची बारीक रेघ. लगेच चिकटवायचे नाही. "कपाळावर चंद्रकोर काढून हुईस्तवर थांबायचं," अक्का म्हणाल्या. मी घड्याळ लावून पाहिले, अर्धा मिनिट. तेवढ्यात ओला गम चिकट होतो. आधी मध्य टेकवायचा, मग बाहेरचे टोक, शेवटी आतले. स्वतःचे केस आणि उसने केस चिमटीत हलके दाबून एक करायचे. काजळरेघ सगळ्यांत शेवटी; ती सांधा झाकते.

वगात रडण्याचा प्रवेश असेल, तर टोकांना गम दोनदा. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 मध्ये आले आणि रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आले. त्याआधी गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग मिळून उजाडेपर्यंत खेळ चाले. घाम, धुरळा, जनित्राचा धूर अंगावर घेत ती पापणी पहाटेपर्यंत टिकवावी लागे.

लावण्यापेक्षा काढणे नाजूक. खेळ संपला की अंग मोडून आलेले असते, गाडी पुढच्या गावाला निघायची घाई असते, आणि तेव्हाच नेमकी ओढून काढण्याची इच्छा होते. ओढली की स्वतःचे केसही येतात. गरम पाण्यात पिळलेले फडके मिटल्या डोळ्यावर धरायचे, कडेला खोबरेल लावून गम सैल होऊ द्यायचा आणि बाहेरच्या टोकाकडून हळू उचलायची. मग पट्टीवर उरलेला गम चिमट्याने सोलायचा. पकडायची पट्टी, केस नाहीत. पट्टी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, वाळवायची आणि औषधाच्या गोल बाटलीच्या पोटाला लावून ठेवायची, म्हणजे बाक मोडत नाही. अक्कांच्या पेटीत अशा तीन बाटल्या आहेत. चिकटपट्टीवर 'डा' आणि 'उ' लिहिलेले आहे. अशी निगा राखली तर एक जोडी वीसेक खेळ जाई.

आणि सगळ्यांत मोठा नियम : आपली पापणी कुणाला द्यायची नाही, कुणाची घ्यायची नाही. फणी, लुगडे, चाळ, भाकरी, सगळे वाटून घेणाऱ्या फडात हा एक नियम वेगळा पडतो. तो कसा आला, हे सांगताना अक्का थोड्या थांबल्या.

ऐन हंगामातली रात्र होती. एका जणीचे डोळे आले होते, तिची पापणी दुसरीने लावली, दुसरीचे आले, मग अक्कांचे. तशात गमाची नळी संपली. खेळ तासाभरावर आलेला. कुणीतरी सायकलच्या पंक्चरचे सोल्युशन आणले. चिकटले झकास. आग होत राहिली. अक्का म्हणाल्या, की त्या रात्री वगात रडण्याचा प्रवेश इतका रंगला, की लोकांनी पैसे उधळले. सकाळी डोळा उघडेना. आधीच आलेला डोळा, त्यात द्रावणाची आग, त्यात ओढून काढताना लागलेले नख. बुबुळावर जखम झाली. पुढच्या गावी खेळ होता, त्याच्या पुढच्याही. डॉक्टर गाठायला नऊ दिवस लागले. जखम भरली, व्रण राहिला. त्यालाच आपण फूल पडणे म्हणतो.

वडिलांचे चार सरळ फोटो त्या हंगामाआधीचे आहेत, माझे सात त्यानंतरचे.

कुणी म्हणेल, हा अज्ञानाचा परिणाम. मला तसे वाटत नाही. डोळ्याला काय चालते हे त्या बायांना पुरते ठाऊक होते. त्यांच्या हाती नव्हता तो वेळ, आणि सुपारी घेतलेला खेळ मोडण्याची मुभा. आजच्या पापणीच्या गमात बहुधा रबराच्या झाडाचा चीक असतो, तो कुणाला सोसतो, कुणाला नाही. म्हणून आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून पाहावा, असे जाणकार सांगतात. अक्काही नव्या नळीचा पहिला थेंब तिथेच लावत. त्या रात्री तासाभरात ते होण्यासारखे नव्हते.

पापणी मुळात डोळ्याच्या रक्षणाला असते. जॉर्जिया टेक या अमेरिकी संस्थेतल्या संशोधकांनी 2015 मध्ये 22 सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. त्यांना आढळले, की पापणीची लांबी साधारण डोळ्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश असते. तेवढ्या लांबीने डोळ्याला लागणारा वारा अडतो. धूळ आणि कोरडेपणा निम्म्यापर्यंत कमी होतो. पापणी त्याहून फार लांब झाली, तर तीच वारा आत ओढू लागते. बोर्डावरची पापणी लांबून दिसायची तर ती या मापात बसणार कशी? चैत्र-वैशाखाच्या धुरळ्यात उभे राहून शेवटच्या रांगेला डोळा दाखवायचा, तर तो डोळा थोडा उघड्यावरच टाकावा लागतो.

विठाबाईंविषयीचा एक प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, असे सांगितले जाते. कनातीमागे काय घडते याची आपल्याला असलेली ओळख बहुतेक या एका प्रसंगापुरती आहे. तो थरारक आहे म्हणून लक्षात राहिला. पण तीच कनात दररोज रात्री दोन तास बंद असे. आत वीस-पंचवीस बाया एका बल्बखाली, रंगभूषाकार नावाचा माणूस नसताना, स्वतःचा चेहरा स्वतः घडवत. नाटक मंडळ्यांच्या रंगभूषेवर लिहिले गेले, सिनेमाच्या रंगभूषेवर पुस्तके निघाली. तमाशाच्या लावण्या आपण जमवल्या, वग जमवले, शाहिरांच्या जन्मतारखांवर वाद घातले. हे सगळे आवश्यकच होते. मीही तेच केले. पण अक्का म्हणाल्या तेही खरे आहे : "लावन्या समद्यांनी लिहून नेल्या भाऊ. पेटी कुनी इचारली न्हाय."

विचारली असती तर काय सापडले असते? दलित आणि भटक्या जमातींमधल्या या स्त्रियांनी मापे, वेळा, औषधे, जंतूंची भीती यांचे एक शास्त्र तोंडी चालवले होते. ते कुणा एकीच्या नावावर नाही. चुका झाल्या, डोळे गेले, आणि त्यातून नियम झाला. अक्कांच्या फडात त्या हंगामानंतर प्रत्येकीच्या बाटलीवर नाव लिहिले जाऊ लागले. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी खूण काढली. कुणी सूर्य, कुणी चूल, कुणी विंचू.

2020 आणि 2021 च्या चैत्रात करोनामुळे नारायणगावला हंगाम झाला नाही. पेट्या बंद राहिल्या. गमाच्या नळ्या आतल्या आत वाळून रबर झाल्या, पावसाळी ओलीने पापण्यांवर बुरशी आली. पुष्कळ जणींनी त्या काळात शेतात खुरपणीला आणि टोमॅटो तोडायला जाऊन दिवस काढले. हंगाम परत सुरू झाला, पण जुन्या पेट्यांपैकी बऱ्याच भंगारात गेल्या असे अक्का सांगतात. म्हणून या लेखाच्या निमित्ताने एक विनंती आहे. कुणाच्या घरी आजी-मावशीची अशी पेटी असेल, तर ती टाकू नका. तिच्यातल्या वस्तू कशासाठी आहेत हे ज्यांना सांगता येते, त्या बाया आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

निघताना मी अक्कांना विचारले, आता फोटो काढू का? त्या हसल्या. नातीला हाक मारली, पेटी मांडीवर घेतली, आरसा खाली ठेवला आणि चंद्रकोरीएवढा वेळ मोजून दोन्ही पापण्या लावल्या. हात कापत नव्हता. मग कॅमेऱ्याकडे सरळ पाहिले.

तो आमच्या खोक्यातला त्यांचा बारावा फोटो. पाकिटावर मी तारीख घातली आहे. आणि जुन्या सात पाकिटांवर 'अर्धमुखी अदा' असे जे लिहिले होते, ते खोडून डाव्या डोळ्याची हकीकत लिहून ठेवली आहे.